वजनाला टांगलेला पाय

जीवरामच्या सायकलला ब्रेक नव्हते, आणि ही गोष्ट तो मोठ्या ऐटीत सांगायचा. ब्रेकवर विसंबतो तो शहरातला माणूस, असं त्याचं म्हणणं. खैरखेड्यात सगळेच सायकल पायाने थांबवायचे. उजव्या पायातली टायरची चप्पल पुढच्या चाकावर, चाक धरणाऱ्या चिमट्याच्या मागच्या अंगाला टेकवायची, की रबर रबराला धरतं आणि सायकल गुमान उभी राहते. नवा ब्रेक बसवणाऱ्याला पारावरची पोरं पुरती आठवडाभर चिडवायची.

१९८७ सालच्या आखाजीला तो बहिणीला माहेरी आणायला तिच्या सासरी, वडलीला गेला, तोही याच सायकलवर. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशातल्या सासुरवाशिणींचा सण. चार दिवस झोके, गाणी आणि कोणाचं बोलणं नाही. बहिणीला न्यायला भाऊ मुराळी म्हणून येतो आणि तो आला की म्हातारी सासूसुद्धा जरा गोड बोलते.

बेबाबाईला हा एकच भाऊ. आईबाप पाठोपाठ गेले तेव्हा ती परकर नेसत होती. त्यानेच तिला वाढवलं आणि त्यानेच तिचं लग्न लावलं, तेही साट्यात. म्हणजे बेबा दिली वडलीच्या भिकुबाईच्या सुपडूला, आणि भिकुबाईची कमल जीवरामने स्वतःला करून आणली. एकाच मांडवात दोन्ही लग्नं उरकली. साट्यातल्या पोरी सुखी राहतात असं लोक म्हणतात. राहतात, दोन्ही घरी सारखं सुख असेल तोवर. इकडच्या पोरीला तिकडे कोणी हाणलं, की तिकडच्या पोरीच्या पाठीवर इकडे वळ उठलाच म्हणून समजा. चार वर्षांत कमलला दोन लेकरं झाली होती. बेबाची कूस अजून उजवली नव्हती. तेवढ्यापुरतं साटं आधीच जरा कललेलं होतं.

"भाऊ, दुपारनी एसटी शे ना. तिनावर जाऊत," बेबा म्हणाली होती.

"एसटीवर ज्याना भाऊले सायकल नही ती जास," जीवराम हसून म्हणाला. "बैठ मांगे. वाराना झोकामा पोचाडी देस तुले."

ती कॅरियरवर एका अंगाने बसली. मांडीवर कुरडयांचं गाठोडं होतं. उन्हाने डांबर पाघळलं होतं आणि रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. अनेर नदीचा उतार लागला तशी सायकल पळायला लागली. एकट्याने येताना जीवरामने हा उतार शंभरदा उतरला होता, पण दोन माणसांचं ओझं घेऊन भर उन्हात कधी नाही.

"भाऊ, हळू! भाऊ!"

त्याने चप्पल चाकावर टेकवली. तापलेलं रबर घसरलं. त्याने पाय आणखी दाबला आणि चप्पल पायासकट चिमट्यात ओढली गेली. सायकल पुढच्या चाकावर उभी राहून उलटली. जीवराम धुळीत पडला, त्याचे तळहात सोलले, अंगठ्याचं नख गेलं, एवढंच. बेबा नदीवरच्या फरशीपुलाच्या दगडी कठड्यावर जाऊन आदळली.

तो उठून तिच्याकडे धावला तर ती रडत नव्हती. डोळे उघडे ठेवून पडली होती. डावी मांडी मधोमध, जिथे माणसाचा पाय वाकत नाही तिथे, वाकली होती.

"उठना यी का, बेबा?" त्याने विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं. मग तोच तिच्याजवळ बसून ओक्साबोक्शी रडायला लागला.

केळीचा एक ट्रक शिरपूरकडे चालला होता. ड्रायव्हरने आणि क्लीनरने तिला दोन बांबूंना धोतर बांधून उचललं आणि केळीच्या पाल्यावर आडवी केली. शिरपूरच्या डॉक्टरने मांडीला फळ्या बांधून दिल्या आणि धुळ्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायला सांगितलं. तिथे पोचेपर्यंत बेबाने ओठ चावून चावून रक्त काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाकडे धरला आणि जीवरामला जवळ बोलावलं. हाडाचे दोन तुकडे एकमेकांवर चढले होते, ते त्यालाही दिसलं.

"वजन लावून पाय ताणून ठेवावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "दीड-दोन महिने. हलायचं नाही, उठायचं नाही, सगळं जागेवर. एवढं पाळलंत तर ही बाई पुन्हा विहिरीवरून दोन हंडे घेऊन येईल. मध्येच सोडलंत तर हाड वाकडं बसेल, पाय आखूड होईल. मग जन्मभर लंगडणं आहे. कळलं?"

"कळनं सायेब."

"पायाला हे झालं कसं?"

"सायकलवरथीन पडनी."

"ब्रेक नव्हते?"

जीवरामने आपल्या पायाच्या फडक्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही. उन्हाळ्यात त्यांच्याकडे असले पाय रोजच येत असावेत.

गुडघ्याखालच्या हाडातून सळई आरपार घातली. सळईला दोरी, दोरी पलंगाच्या पायथ्याशी बसवलेल्या चाकावरून खाली सोडलेली, आणि तिच्या टोकाला लोखंडी वजनं. पलंगाचे पायथ्याकडचे पाय विटांवर चढवले, नाहीतर वजनाने बाईच खाली सरकत गेली असती. डोकं खाली, पाय वर, असं बेबाचं राहणं सुरू झालं. तिला छताचा पंखा, पत्र्याचं कपाट आणि दोरीवरून पलीकडे दारातला उजेड एवढंच दिसायचं.

सासू भिकुबाई आणि नवरा सुपडू पाहायला आले. सुपडू पलंगाच्या टोकाशी उभा राहून वजनं निरखत राहिला. तो काही वाईट माणूस नव्हता. आईसमोर त्याला तोंड नव्हतं, इतकंच. भिकुबाई मात्र पदर खोचूनच आली होती.

"आमी धडधाकट व्हऊ धाडेल व्हती," ती जीवरामला म्हणाली. सगळा वॉर्ड ऐकत होता. "तू मोडी, तू नीट कर. नीट करीसन आमना दारमा उभी कर. पायवर उभी. समजनं का?"

"करसू, माय," जीवराम मान खाली घालून म्हणाला.

ती गेल्यावर तो बहिणीच्या उशाशी बसला आणि तिचा हात हातात घेऊन बोलला, "तू उठशी तवलगून मी आठेन हालाव नही, बेबा. मना गळानी आन."

बेबाचा त्यावर पूर्ण विश्वास बसला. विश्वास न बसायला कारणच नव्हतं. जन्मापासून तिच्यासाठी जे काही झालं ते ह्याच माणसाने केलं होतं.

बायकांच्या वॉर्डात बाईच लागते, म्हणून कमल येऊन राहिली. लेकरं गावी जीवरामच्या फुईकडे, म्हणजे बापाच्या बहिणीकडे ठेवली. कमल नणंदेचं सगळं करायची. भांडं द्यायची, अंग पुसायची, पाठीला पावडर लावायची, पाठ सोलवटू नये म्हणून खाली हात घालून दर थोड्या वेळाने जरा जरा उचलायची. पहिल्या दिवशी बेबाला इतकी लाज वाटली की तिने दिवसभर पाणीच प्यायलं नाही.

"वहिनी, तुना हातथीन हाई करी लेवानं म्हनजे..."

"गप वं," कमल म्हणाली. "उद्या मी पडनू तं तू करशीच ना मनं?"

जीवराम सकाळी यायचा, भेटीची वेळ संपली की व्हरांड्यात जाऊन बसायचा. एका दुपारी कमल कपडे धुवायला गेली होती. बेबा कण्हत होती. सळईच्या जागी ठणका लागला होता, आणि तिला वाटत होतं की कोणीतरी पाय उपटतंय. भावाला ते ऐकवेना. त्याने वाकून ती वजनं दोन्ही हातांनी वर उचलली, खाली मांडी घालून बसला आणि तान्ह्या पोराला घ्यावं तशी ती मांडीवर घेऊन बसून राहिला. दोरी सैल झाली. बेबाचा ठणका थांबला आणि तिला झोप लागली. ती जागी होऊ नये म्हणून तो जागचा हलला नाही. त्याच्या पायांना मुंग्या आल्या, तरी नाही.

वॉर्डातल्या आयाबाई प्रमिलाबाईंनी पाहिलं आणि त्या ओरडतच आल्या. मागून डॉक्टर आले.

"अरे, काय करतोस? हे वजन तिला त्रास द्यायला लावलंय का आम्ही? ते लटकतंय म्हणून तिचं हाड जागेवर आहे! सोड. सावकाश सोड."

"ती रडी राहिनती सायेब."

"रडू दे. तू दया दाखवलीस की तिचा पाय गेला, हे डोक्यात ठेव."

जीवरामने वजनं हळूहळू सोडली. बेबा किंचाळली. तो बाहेर व्हरांड्यात गेला आणि खांबावर डोकं टेकून उभा राहिला. पुढे त्याने जे केलं ते सांगायचं आहे, म्हणून हेही सांगितलं पाहिजे. त्याला बहीण नको होती असं नाही.

वैशाख संपत आला. खानदेशात जमीन अशी तापते की अनवाणी माणूस उड्या मारत चालतो, आणि त्याच तापलेल्या मातीत कपाशीची धूळपेरणी करतात. सरकी आधी टोचून ठेवायची, मग पावसाची वाट बघायची. पेरणीला बायका लागतात. नांगर, वखर पुरुष चालवील, पण ओळीने वाकून सरकी टोचत जाणं बायकांचं. जीवरामच्या रानात बाई नव्हती, आणि भिकुबाईच्या रानातही नव्हती.

एका सकाळी सुपडू एकटाच वॉर्डात आला. बायकोकडे त्याने ओझरतं पाहिलं आणि बहिणीला म्हणाला, "कमल, माय बलावस. चाल."

"कथा?"

"घर. वडलीले. माय म्हने, आमनी व्हऊ आठे पडेल शे, तं आमनी आंडेर, म्हनजे तू तरी, आमनं काम करी. बेबा पायवर चालत घर उनी का तुले खैरखेडाले धाडी देसूत."

"आनि मना लेकरं?"

सुपडूने खाली पाहिलं. "ते माय नही बोलनी."

कमल त्याच्याकडे बघत राहिली, मग नवऱ्याकडे. जीवराम काहीतरी बोलेल असं तिला वाटत होतं. साट्यातला हक्क हा असाच असतो, दोन्ही बाजूंनी सारखा. कमलने बेबाच्या पाठीखालची चादर शेवटची सारखी केली, ओल्या हातांनीच पिशवी उचलली आणि भावाच्या मागे गेली.

तेव्हापासून जीवराम एकटा पडला. वॉर्डात पुरुषाला रात्री राहू देत नसत, म्हणून भांड्याचं प्रमिलाबाई करायच्या, पण बाकीचं सगळं त्याच्यावर. तो नळावर बहिणीचं लुगडं धुवायला बसायचा तेव्हा रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावायच्या. एकीने तर तोंडावर विचारलं, "काय हो भाऊ, बायको मेली का?" तो लुगडं पिळत राहिला. वाळवणाच्या दोरीवर ते टाकताना हात वर करावे लागायचे आणि सगळ्यांना दिसायचं.

घरी फुईचे निरोपावर निरोप यायचे. धाकटं जेवत नाही. थोरलं आईच्या नावाने रात्रीचं उठून दारात जाऊन बसतं. सरकी आणून पडलीय, टोचायला कोणी नाही. शेजारच्यांची पेरणी झाली. एकदा तो गावी जाऊन आला. धाकटं त्याला पाहून रडलंही नाही, फुईच्या मांडीवर तसंच पडून राहिलं. हे त्याच्या जिव्हारी लागलं.

तिथूनच तो सायकल घेऊन वडलीला गेला. भिकुबाई ओसरीवर शेंगा फोडत होती. कमल आतल्या दाराशी आली, पण तिला बाहेर येऊ दिलं नाही.

"माय, कमलले धाडी दे. पोरगं सुकी गयं मनं."

"बेबाले आन. कमलले ली जाय."

"तिना पाय आखो जुळेल नही. डॉक्टर म्हनस, आते पिलास्तर घालतीन, छातीपासून पायलगून. मंग दोन महिना पडेल ऱ्हावानं."

"पांढरा पिलास्तरमा गुंडाळीसन आनशी तं दारमा उतरू देवाव नही मी," भिकुबाई शेंग फोडत म्हणाली. "मनं एकच सांगनं शे. पायवर चालत येऊ दे. ती उंबरा चढनी का तुनी बायको तुना गाडामा बसनी. नही तं पावसाया बठ्ठा कमल आठेच राही. मले काय, हात वाढनात कामले."

जीवराम उन्हात उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नाही, पाणी दिलं नाही. आतून कमलचं हुंदका दाबणं ऐकू येत होतं. त्याने फक्त एवढं विचारलं, "कव्हय आनू?"

आपण सगळेच कधी ना कधी असे कात्रीत सापडतो. कोणाला तरी तोडावं लागतं, आणि मग जो आपल्यावर जास्त विश्वास ठेवतो त्यालाच माणूस तोडतो, कारण तो विचारत नाही.

दवाखान्यात तो परतला तो डॉक्टरांच्या खोलीपुढे जाऊनच उभा राहिला. प्रमिलाबाईंची सुटी कोणत्या दिवशी असते हे त्याने आधी विचारून घेतलं होतं. त्या असत्या तर बेबाला सांगितल्याशिवाय राहिल्या नसत्या.

"सायेब, मले बहीनले जळगावले ली जानं शे. खाजगी दवाखानामा. तठे आमनं नातलग शे."

डॉक्टरांनी नवा फोटो काढून पाहिला. "हाड आत्ता कुठे धरायला लागलंय. ओल्या भिंतीसारखं आहे ते, कळतंय का? आज वजन काढलं तर सरकेल. निदान पंधरा दिवस थांब."

"नही सायेब. न्यावंच लागी."

"मग उद्या प्लास्टर घालून देतो, ते घालून ने. जळगावलाच काय, मुंबईला ने."

"पिलास्तर नको."

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "बाईला विचारलंस?"

"ती म्हनी. तिलेच जावानं शे."

तिथे त्याच्या जबाबदारीवर सोडल्याचा कागद करण्यात आला आणि जीवरामने अंगठा दिला. तो चौथीपर्यंत शिकला होता, त्याला सही येत होती. तरी त्याने अंगठाच दिला.

मग तो वॉर्डात आला. बेबाच्या पलंगाजवळ उभा राहून त्याने हसायचा प्रयत्न केला.

"बेबा, सुट्टी व्हयनी."

"काय सांगस!" तिने मान उचलली. "खरंच, भाऊ? डॉक्टर म्हने?"

"डॉक्टर म्हने, चांगलं जुळनं. आते चालानं. जितलं चालशी तितलं बरं."

तिचे डोळे भरून आले. शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीला तिने हाक मारून सांगितलं, समोरच्या पोरीला सांगितलं. एक तरुण डॉक्टर सळई काढायला आला. त्यालाही तिने विचारलं, "नीट जुळनं ना, सायेब?"

तो घाईत होता. जळगावच्या दवाखान्यात पुढचं बघतील असंच त्याला सांगितलं गेलं होतं. "तुमच्या भावाला सगळं समजावून दिलंय, बाई. ते सांगतील तसं करा," तो म्हणाला.

वजनं सुटली. दोरी चाकावरून मोकळी झाली. सळई निघाली तेव्हा बेबाने उशी चावली, पण तोंडावर हसू होतं. तिला वाटलं, दुःख संपतंय ते असंच संपत असेल.

एसटीच्या मागच्या लांब बाकावर तिला आडवी नेली. फाट्यावर फुईचं बैलगाडं उभं होतं. गाड्यात कडब्याच्या पेंढ्या अंथरल्या होत्या. गाडं वडलीच्या रस्त्याला लागलं तशी ती म्हणाली, "भाऊ, खैरखेडाले नही जावानं? दोन दिन ऱ्हाती मी. लेकरं दखाती."

"सासू वाट दखी राहिनी."

"मनी? वाट?" ती हसली. गाडं खड्ड्यात गेलं की मांडीत काहीतरी कुरकुरायचं, जणू दोन ओल्या दगडांमध्ये वाळू. तिने भावाला ते सांगितलं. तो म्हणाला, "नवं हाड शे. तसंच व्हस." तो बैलांकडे पाहून बोलत होता. इतक्या वाटेत त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं, आणि तेही तिने मनावर घेतलं नाही.

वडलीत दारापुढे गाडं थांबलं. भिकुबाई उंबऱ्यात उभी होती, कडेला सुपडू. शेजारच्या दोन बायका भिंतीआडून बघत होत्या. जीवरामने बहिणीला उचलून खाली उभी केली. पण हात सोडवेनात.

"चाल, बेबा," तो अगदी हळू म्हणाला. "उंबरालगून. भिताडले हात लाव."

"मोडाव नही ना?"

"नही. डॉक्टरनी सांगं शे."

तिने उजवा पाय टाकला. मग डावा. डाव्यावर भार पडला तशी मांडीच्या आत एक कळ उठली आणि ती थेट डोक्यात गेली. तिने भिंत धरली. भाऊ म्हणतोय, डॉक्टर म्हणतायत, म्हणजे दुखणारच थोडं. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. या वेळी आतून काहीतरी सरकलं. आवाज झाला नाही, पण तिला कळलं. लाकडाची खुंटी जागेवरून निसटावी तसं ते निसटलं. तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं, घाम फुटला. उंबऱ्याचा खांब तिच्या हाती आला, त्याला धरून तिने पाय आत ओढला आणि ती आतल्या भिंतीशी घसरत खाली बसली.

"उनी," भिकुबाई म्हणाली. ‘आली’, दुसरं काही नाही.

आणि आतून कमल बाहेर आली. तिच्या काखेत गाठोडं होतं, ते बांधूनच ठेवलेलं होतं. ती बेबापुढे थांबली. तिचे डोळे सुजले होते आणि तरीही ते दाराबाहेरच्या गाड्याकडे जात होते.

"वहिनी, तू कथा?"

"मना घर." कमलने गाठोडं घट्ट धरलं. "तुले सांगं नही का त्यासनी? तू चालत उनी का मी जावानी, असं ठरेल व्हतं."

बेबाने दाराबाहेर पाहिलं. जीवराम बैलांच्या जुवाची दोरी घट्ट करत होता. ती घट्टच होती.

"भाऊ."

तो थांबला.

"डॉक्टर काय म्हने? खरं सांग."

त्याने दोरी सोडली. मग तो तिच्याजवळ आला, उंबऱ्याच्या बाहेरच उकिडवा बसला आणि फक्त तिलाच आणि कमलला ऐकू जाईल असं बोलला.

"पंधरा दिन आखो म्हने. नही तं पिलास्तर. पन मनं पोरगं जेवत नही, बेबा. मी काय करतू? तू मनी बहीन शे. तू समजी लेशी असं वाटनं मले."

समजून घेशील. चार वर्षांच्या साट्यात, दवाखान्याच्या त्या उलट्या पलंगावर, तिने जे जे म्हणून समजून घेतलं होतं ते त्याला पुरलं नव्हतं. त्याला आणखी हवं होतं. तिला त्याचा इतका राग आला की मांडीतली कळही क्षणभर विसरली.

कमलने तोंडावर हात ठेवला होता. तिला आत्ता कळत होतं. बेबाने एक शब्द काढायचा होता, हाड जुळलेलं नाही, एवढाच. भिकुबाई तिला पुन्हा गाड्यात टाकून दवाखान्यात धाडायला तयार झाली असती, कारण लंगडी सून तिलाही नको होती. पाय वाचला असता, कदाचित. आणि कमलने गाठोडं पुन्हा आत नेऊन ठेवलं असतं. कमल काही मागत नव्हती. नुसती उभी होती. तिने रोज बेबाची घाण काढली होती आणि एकदाही तोंड वाकडं केलं नव्हतं.

"काय व्हयनं वं?" भिकुबाईने विचारलं. "पांढरीफटक पडनी ती."

बेबाने भिंतीला डोकं टेकलं.

"काही नही, माय. चक्कर उनी. ऊन लागनं." मग ती कमलला म्हणाली, "जाय वहिनी. पोऱ्याले जेवाड."

कमल वाकली, तिने बेबाच्या गालाला हात लावला आणि रडत रडत गाड्यात जाऊन बसली. जीवराम उठला. माहेरचा माणूस निघताना बोलतो तेच तो बोलला, सवयीने, किंवा दुसरं काही सुचेना म्हणून.

"येस मी, बेबा. दिवाळीले येस तुले घेवाले."

"येऊ नको."

तिने ते मोठ्याने म्हटलं. शेजारच्या बायकांनी ऐकलं, सुपडूने ऐकलं. सासरी बसलेल्या बाईने मुराळ्याला असं म्हणणं म्हणजे गावातली एकुलती विहीर आपल्या हाताने बुजवणं. जीवराम गाड्यावर चढला आणि त्याने बैलांना हाक दिली. गाडं गल्लीच्या वळणावर गेलं, कमलने मागे वळून पाहिलं, त्याने नाही.

"ऊठ वं आते," काही वेळाने भिकुबाई म्हणाली. "चूल पेटाडनी शे."

बेबाने उठण्यासाठी आजूबाजूला पाहिलं. भिंत सपाट होती. सुपडू पुढे आला आणि त्याने अवघडून हात पुढे केला. तिने तो धरला, कारण धरायला दुसरं काही नव्हतं.